मधल्या ठिपक्याची माती

“मंडळी, आपले अकरा मैदानात आलेत! समोर त्यांचे अकरा आलेत! आणि तेविसावा, ज्याच्या पाठीवर हे बावीस जण आता दीड तास नाचणार आहेत, तो आपला हिरवोबा! अरे हिरवोबा, कुठं लपलास? बाहेर ये, लोकांना दर्शन दे!”

कर्ण्यातून हा आवाज सुटला की पूर्वेकडची सगळी गॅलरी हसायची आणि रोलरच्या आड उकिडवा बसलेला माळी आणखी खाली वाकायचा. कान तापायचे त्याचे. पण एखाद्या सामन्याला भोंगा ते वाक्य विसरला असता, तर माळ्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नसतं. भोंगा म्हणजे फुटबॉल क्लबचा निवेदक. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदावर राहिलं. लोकांत तो भोंगाच, आणि त्याला त्याचा कोण अभिमान. सव्वीस वर्षं त्याने त्या एकाच मायक्रोफोनवर घसा झिजवला, आणि सहा वर्षांपूर्वी तोच घसा त्याला घेऊन गेला.

“ऐकताय का? हात वर करा म्हटलं.”

माळ्याने हात वर केले. बायकोने जाकीट मागून चढवलं, पुढे येऊन बटणं लावली आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहिलं.

“वांग्यासारखे दिसताय.”

“नव्या मालकांचा रंग आहे.”

“आधी हिरवा होता तो कुणाचा होता?”

“तो...” माळी अडखळला. “तो गवताचा होता.”

जाकिटाच्या छातीवर चंदेरी दोऱ्याने ‘वारसादूत’ असं विणलेलं होतं. त्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. “दूत म्हणे. मला आजवर एकाच प्रकारचे दूत माहीत आहेत, रेड्यामागून येतात ते.”

“सकाळी सकाळी काय बोलतेस!”

“बरं, मग चांगलं बोलते. वहिनींना सांगणार आहात ना आज?”

भोंग्याच्या बायकोचा विषय निघताच माळी बुटाची नाडी बांधायला वाकला. बांधलेलीच होती, ती सोडून त्याने परत बांधली. “उद्या रविवार. मैदानावर चिटपाखरू नसणार. फावडं नि बादली घेऊन जातो, एकोणीसच्या एकोणीस काढून आणतो. भिंतीकडचं काम सोमवारी सुरू होतंय. मग कुणाला काही सांगायची गरजच कुठं पडते?”

“आणि आणून ठेवणार कुठं? माझ्या पलंगाखाली?”

“बघू.”

“लग्नापासून बघूच ऐकतेय.” ती कपाटाकडे वळली. “परवा आल्या होत्या वहिनी. त्या काचेच्या डबीसाठी पिशवी शिवलीय त्यांनी. मला दाखवत होत्या, आत अस्तरसुद्धा लावलंय. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तुम्हाला कसं बघवतं हो?”

  माळी टोपी उचलून बाहेर पडला.

*

एकोणीस माणसांची ही गोष्ट फार जुनी होती.

पहिला होता ढोलवाला. चाळीस वर्षं क्लबचा प्रत्येक सामना त्याने ढोल बडवत पाहिला आणि मरताना मुलीला सांगून गेला की माझी रक्षा मैदानाच्या मधल्या ठिपक्यात पुरा, जिथून चेंडू निघतो तिथे. तेव्हा माळी नवा होता, हळवा होता. त्याने भोक पाडायच्या लोखंडी नळ्याने हिरवळीचा गोल तुकडा अलगद कापून काढला, जणू डब्याचं झाकण. खाली रक्षा ठेवली, झाकण परत बसवलं, वरून झारीने पाणी घातलं. मुलगी रडली, माळीही रडला.

आठ दिवसांत मैदानाच्या ऐन मध्यावर थाळीएवढा पिवळा डाग पडला. माणसाची राख खारी असते, ती मुळं जाळते, हे माळ्याला कुणी शिकवलं नव्हतं. सेक्रेटरी डाफरला ते त्याने ऐकून घेतलं. पण शनिवारी भर सामन्यात कर्ण्यातून आवाज आला, “मंडळी, आपल्या हिरवोबाच्या डोक्याला टक्कल पडलंय बरं का! कुणाकडे जुना टोप असला तर आणून द्या!” आणि अख्खी गॅलरी फुटली. माळी त्या दिवशी रोलरमागून बाहेरच आला नाही. भोंग्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, डागाखाली काय आहे ते.

त्या डागाने माळ्याला शहाणं केलं. की वेडं केलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने ढोलवाल्याला मातीसकट बादलीत काढलं आणि पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथे नाहीतरी काही उगवत नव्हतं, तिथे खोल पुरलं. पांढऱ्या रेघा ओढून झाल्यावर ब्रशाला उरलेल्या रंगाचा एक ठिपका भिंतीच्या सगळ्यात खालच्या विटेवर दिला.

पुढे लोक येत राहिले. पाववाली आली, नवऱ्याला घेऊन. निवृत्त पोस्टमन आला, भावाला घेऊन. एक आई आली, सतरा वर्षांच्या पोराला घेऊन. तिला नाही कसं म्हणायचं? माळी कुणालाच नाही म्हणाला नाही. सगळ्यांसमोर झाकण उघडायचा, सगळ्यांसमोर झाकण लावायचा, झारीने पाणी घालायचा. लोक डोळे पुसत फाटकाबाहेर गेले की बादली घेऊन परत यायचा. मेलेल्या माणसाला भिंत आणि जित्या माणसाला समाधान, अशी त्याने वाटणी करून टाकली होती. दर अडीच पावलांवर एक ठिपका. पूर्वेच्या फाटकापासून सुरू झालेली रांग पार पावसाळी पाण्याच्या पाइपापर्यंत आली. एकोणिसावा ठिपका पाइपाला चिकटून होता. त्यानंतर माळ्याने कुणाचीच रक्षा घेतली नाही. आता जागा नाही म्हणायचा.

दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो मैदानाच्या रेघा ओढायचा, आणि उरलेल्या रंगात ब्रश बुडवून ते एकोणीस ठिपके ताजे करायचा. पाइपापाशी जरा जास्त वेळ लागायचा. तिथे तो बसायचा.

*

दोन वर्षांपूर्वी क्लब विकला गेला. आधीचे मालक म्हणजे सात म्हाताऱ्या दुकानदारांची कमिटी. त्यांचं प्रेम ओसंडून वाहायचं आणि छपरातून पाणीही तसंच वाहायचं. संघ दरवर्षी शेवटून दुसरा यायचा आणि शेवटचा आला नाही म्हणून पेढे वाटल्यासारखी तोंडं करायचा.

नव्या मालकाला कुणीच पाहिलं नव्हतं. एकदा मोठ्या पडद्यावर तो अर्धा मिनिट दिसला. इथे सकाळचे दहा वाजले होते आणि त्याच्या पाठीमागे सूर्य मावळत होता. “तुमचं प्रेम हीच आमची ठेव,” असं काहीतरी तो म्हणाला आणि पडदा जांभळा झाला. मग सगळंच जांभळं झालं. भिंती झाल्या, खुर्च्या झाल्या, झेंडे झाले. पूर्वेच्या भिंतीवर रंगाऱ्यांनी एका दिवसात दोन हात दिले. एकोणीस ठिपके त्याखाली कधी गेले ते कुणाला कळलंही नाही. कर्ण्याच्या जागी खांबाखांबावर काळ्या पेट्या आल्या आणि त्यातून एक बाई बोलू लागली. तिचा आवाज गोड होता, पण ती कुठेच बसलेली नव्हती.

आणि संघ जिंकू लागला, हे मात्र खोटं म्हणता येणार नव्हतं. बाहेरून आणलेले घोड्यासारखे खेळाडू आले, पहिल्याच वर्षी क्लब वरच्या वर्गात गेला. लोक रस्त्यात नाचले. माळीसुद्धा नाचला. नाचून घरी आला आणि पायाला लागलेलं गवत झाडताना त्याला वाटलं, आता आपलं गवतही जिंकलं.

त्याच महिन्यात पत्र आलं की मैदानावर प्लॅस्टिकचं गवत घालायचं ठरलं आहे.

“त्याला पाणी नको, खत नको, ऊन नको, काका,” मॅनेजरबाईंनी समजावलं होतं. त्या वयाने माळ्याच्या लेकीएवढ्या होत्या, स्वभावाने वाईट नव्हत्या. “आणि बारा महिने हिरवं!”

“मग ते मेलेलं आहे की जिवंत आहे?” माळ्याने विचारलं.

बाई हसल्या. त्यांना ती गंमत वाटली.

रक्षेची गोष्ट बाईंना एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणातून कळली. त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांना कल्पना सुचली. मधल्या ठिपक्याची माती काचेच्या डब्यांत भरायची, वर क्लबचं नवं चिन्ह. ज्यांची माणसं तिथे आहेत त्या घरांना बोलवायचं. निरोपाचा कार्यक्रम. माती कोण देणार? ज्याने ती सांभाळली तो.

“बाई, त्या मातीचं जरा असं आहे...” माळ्याने तोंड उघडलं होतं. तितक्यात बाईंचा फोन वाजला. फोन आटोपून त्या वळल्या तेव्हा म्हणाल्या, “काका, तुम्ही म्हणजे या क्लबचा आत्मा आहात. जाकिटाचं माप देऊन जा.”

आणि माळी माप देऊन आला.

*

मैदान ओळखू येत नव्हतं. हिरवळ चटईसारखी गुंडाळून ट्रकांतून गेली होती, कुणाच्याशा बंगल्याला. खाली उघडी, करडी, खरवडलेली जमीन. फक्त मध्यवर्तुळ कार्यक्रमासाठी राखलं होतं. त्या करड्या पसाऱ्यात ते हिरवं वर्तुळ कुणी विसरून गेलेल्या रुमालासारखं दिसत होतं. त्यावर जांभळं कापड घातलेलं टेबल, टेबलावर काचेच्या डब्यांची रास. डब्या माळ्यानेच काल भरल्या होत्या. नळ्याने माती काढली, चाळली, चमच्याने भरली. चांगली माती होती. तीस वर्षांचं शेणखत होतं तिच्यात. माणूस कुणी नव्हतं.

चौदा घरं आली होती. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, भोंग्याची बायको. शिवणकाम करणारी बाई. क्लबचे कोपऱ्यांवरचे चार झेंडे वर्षानुवर्षं त्यांच्याच मशीनवर शिवले जायचे. मशीनच्या खटखटीवर त्या स्वतःची ओवी गुणगुणायच्या:

चार कोपऱ्यांची चार निशाणं शिविते,
परका येई वारा, त्याला वळख सांगिते.

नव्या मालकांनी झेंडे छापून आणले तेव्हा वहिनींनी उरलेलं हिरवं कापड घडी करून ठेवलं. पण दर सामन्याला त्या यायच्या, पूर्वेच्या गॅलरीत तिसऱ्या पायरीवर बसायच्या आणि सामना बघण्याऐवजी मैदानाचा मध्य बघायच्या. चेंडू मध्यावर ठेवला की पदर सावरायच्या, घरात कुणी वडीलधारं आल्यासारखा.

कार्यक्रम सुरू झाला. पेटीतली बाई गोड बोलली. मग मॅनेजरबाई बोलल्या, आणि त्या मनापासून बोलल्या. माळ्याने पहिली डबी उचलली. ढोलवाल्याची मुलगी, आता तिचेही केस पिकले होते, दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

“बाबा शेवटी घरी आले,” ती म्हणाली.

तेव्हा पूर्वेकडून आवाज आला. आधी नुसती घरघर, मग मोठ्या लोखंडी ढोलात खडी फिरल्यासारखा खळखळाट. माळ्याचा हात डबीवर तसाच राहिला.

“हा कसला आवाज?” त्याने मॅनेजरबाईंकडे झुकून विचारलं.

“काँक्रीटची गाडी, काका. सोमवारऐवजी आजच मिळाली. मुकादम म्हणाला, भिंतीकडचा पार्किंगचा पट्टा आजच भरून टाकतो. दोन दिवस वाचले की आपले!” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “तुम्ही द्या ना, लोक थांबलेत.”

गाडी फाटकातून शिरते, म्हणजे सुरुवात फाटकाकडून. फाटकाकडून पहिला ठिपका ढोलवाल्याचा.

माळ्याने डबी ढोलवाल्याच्या मुलीच्या हातात ठेवली.

ओरडायला हवं होतं. टेबल उलथून धावत सुटायला हवं होतं. हे त्याला त्या क्षणीही कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. पण समोर चौदा घरं हात जोडून बसली होती, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता, आणि छातीवर चंदेरी अक्षरं होती. त्याने दुसरी डबी उचलली. पाववाली आता थरथरत होती, सुनेने तिला धरलं होतं. “किती हलकी आहे हो,” पाववाली डबी तळहातावर तोलत म्हणाली, “इतके का हलके झालात?” पूर्वेकडे काँक्रीट धबाधबा ओतलं गेलं. पाववाला ढोलवाल्याच्या शेजारीच होता.

तिसरी डबी. चौथी. माळी मनातल्या मनात भिंतीच्या कडेने चालत होता, अडीच अडीच पावलं. इकडे पोस्टमनला डबी दिली, तिकडे त्याच्या भावावर रेघ फिरली. सतरा वर्षांच्या पोराची आई आली. तिने डबीला गाल लावला आणि डोळे मिटले, आणि माळ्याला वाटलं आता आपण इथेच कोसळू. पण तो कोसळला नाही. माणसाचं शरीर फार निर्लज्ज असतं. ते उभं राहतं, हसतं, पुढची डबी उचलतं.

“छान चाललंय, काका,” मॅनेजरबाई पुटपुटल्या.

*

लोक पांगायला बारा वाजून गेले. पाच डब्या टेबलावर उरल्या, न आलेल्या घरांच्या. पूर्वेकडचा आवाज थांबला होता. जेवणाची सुट्टी असणार. माळी जाकिटासकट तिकडे निघाला, तोच मागून हाक आली.

“भाऊजी, थांबा ना जरा. एकटीनं कुठं जाऊ मी?”

वहिनींनी डबी पिशवीत घातली होती. हिरव्या कापडाची पिशवी, जुन्या झेंड्याच्या कापडाची, आत पांढरं अस्तर. तोंडाला दोरी.

“बघा, बरोबर बसली की नाही? माप न घेता शिवली.” त्या हसल्या. “ह्यांचं माप मला कधी घ्यावं लागलं नाही. आता खिडकीत ठेवीन, मशीनशेजारी. सहा वर्षं मैदानावर हुंदडून झालं, आता घरात बसा म्हणावं.”

“वहिनी, पश्चिमेच्या दारानं सोडतो तुम्हाला.”

“अहो, तिकडून वळसा पडतो. गुडघे बोलतात माझे. पूर्वेच्या दारातून बस समोरच मिळते.”

“तिकडं काम चालू आहे. चिखल आहे नुसता.”

“काम तर सगळीकडेच चालू आहे.” आणि त्या चालू लागल्या.

माळी त्यांच्यामागून चालला. वहिनी आपल्याच नादात बोलत होत्या. “तुम्हाला खरं सांगू, भाऊजी? शेवटच्या दिवसांत ह्यांचा आवाज गेला तेव्हा पाटीवर लिहून द्यायचे. मला म्हणाले, म्हणजे लिहिलं, मला बाकी कशाची भीती नाही, विसरतील एवढीच. मी म्हटलं, हिरवोबा आहे ना. तर लगेच लिहिलं, हो, तो आहे. आणि पाटी बाजूला ठेवून झोपले. शांत झोपले हो.”

माळ्याला ती पाटी माहीत होती. त्याच पाटीवर भोंग्याने त्याच्यासाठीही लिहिलं होतं, थरथरत्या अक्षरात: मधल्या ठिपक्यात. तिथून दोन्ही गोल दिसतात. आणि माळ्याने मान हलवली होती.

गॅलरीच्या कोपऱ्याला वळलं की भिंत दिसायची. भिंत दिसली.

फाटकापासून पुढे सगळा पट्टा ओला, गुळगुळीत, करडा. आजवर माळ्याने ओढलेली कुठलीही रेघ इतकी सरळ नव्हती. त्यावर ऊन पडलं होतं आणि तो चकाकत होता. कडेला फळ्या ठोकलेल्या. पट्टा भिंतीच्या कडेने येत येत पाइपाच्या अलीकडे तीन पावलांवर थांबला होता. तिथे फळी आडवी लावलेली होती आणि फळीच्या या बाजूला उघडी माती, जुनी, भुसभुशीत, पाइपापर्यंत. गाडी मागे उभी होती, तिचा ढोल हळूहळू फिरत होता. ढोल फिरता ठेवावा लागतो, नाहीतर आतलं दगड होतं.

मुकादम डबा झाकत उठला. “काका, जरा बाजूनं! एवढा तुकडा राहिलाय, उरकून टाकतो.”

वहिनी पदराने ऊन आडवत कडेकडेने निघाल्या होत्या. दहा पावलं पुढे गेल्यावर त्यांना कळलं की मागे पावलं नाहीत. त्या वळल्या.

माळी पाइपापाशी खाली बसला होता. मांडी घालून, नव्या जांभळ्या जाकिटात, मातीत.

“अहो भाऊजी! चक्कर आली का?”

“काका, उठा! गाडी मागे घ्यायचीय!” मुकादम ओरडला.

“घेऊ नकोस,” माळी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मुकादमाने ड्रायव्हरला हात केला. ढोल फिरत राहिला.

वहिनी लगबगीने परत आल्या. “पाणी देऊ का? बायकोला बोलावू? उन्हात उभं राहून राहून...”

“वहिनी, बसा.”

“इथं?”

“बसा जरा.”

त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता, गुडघ्यावर हात दाबत, त्या आडव्या फळीवर टेकल्या. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली.

“त्या डबीत भोंगा नाही,” माळी म्हणाला.

वहिनींनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“नुसती माती आहे ती. तिथं कुणीच नाही. कधीच नव्हतं कुणी. मी तुमच्यासमोर ठेवायचो आणि तुम्ही गेलात की काढायचो. सगळ्यांना या भिंतीशी आणून पुरलं मी. फाटकापासून इथपर्यंत, एकोणीस जण. अठरा त्या काँक्रीटखाली गेले, वहिनी. मी तिकडं डब्या वाटत होतो तेव्हा गेले. मला ऐकू येत होतं. मी वाटत राहिलो.” त्याने बाजूची माती तळव्याने दाबली. “हा एकच राहिलाय. इथं आहे तो. पाइपाशी.”

मुकादम जवळ येता येता थांबला. त्याने डोक्यावरची टोपी का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

 वहिनींची बोटं पिशवीच्या दोरीशी चाळा करत होती. गाठ सुटत होती, परत बसत होती.

“ह्यांनासुद्धा?” त्या शेवटी म्हणाल्या. “ह्यांना तर तुम्ही शब्द दिला होतात.”

“दिला होता.”

“मग?”

माळी मैदानाकडे बघत होता. गॅलरीच्या फटीतून मधलं वर्तुळ दिसत होतं. दोन माणसं टेबल उचलत होती आणि तिसरा फावड्याने हिरवळीची शेवटची चटई कडेपासून सोडवत होता.

“तीन दिवस ठेवलं होतं मी त्याला तिथं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला एक रात्र ठेवलं नाही. त्याला तीन दिवस ठेवलं. म्हटलं, होईल ते होवो. चौथ्या दिवशी पहाटे गेलो तर पात्यांची टोकं पिवळी पडायला लागली होती. एवढी एवढीच. दुसऱ्या कुणाला दिसलीसुद्धा नसती. रविवारी हंगामाचा पहिला सामना होता.”

“मग?” वहिनींनी पुन्हा विचारलं. या वेळी फार हळू.

माळ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मग मी गवत ठेवलं, वहिनी.”